व्हॉल्व्होबाचे बूट

आमच्या कंपनीच्या गेटमधून गेल्या सत्तावीस वर्षांत एक खिळासुद्धा माझ्या गेट-पासशिवाय बाहेर पडलेला नाही. ही फुशारकी नाही. बरं, थोडी आहे. पण डिस्पॅचमधल्या माणसाला मिरवायला दुसरं असतं काय? लोकांच्या नावाच्या पाट्या लागतात, फोटो लागतात, आणि माझं नाव गुलाबी कार्बन कॉपीवर खाली डाव्या कोपऱ्यात, तेही अर्धं उमटलेलं.

मरोळला आमचा व्हॉल्व्हचा कारखाना आहे. व्हॉल्व्ह म्हणजे पाइपातून जे काही वाहत असेल ते अडवायचं किंवा सोडायचं. माझं कामही तेच, फक्त पाइपाच्या जागी गेट. तर अशा या कंपनीत एक दिवस सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं, आणि मार्केटिंगची श्वेता पडद्यासमोर उभी राहिली. श्वेता म्हणजे वय सत्तावीस, म्हणजे मी नोकरीला लागलो त्या साली जन्मलेली.

"आपण वेबसाइटवर ब्लॉग सिरीज करतोय," ती म्हणाली. "सेफ्टीवर. बारा भाग. आणि सगळे कॉमिक स्टाइलमध्ये, कारण आजकाल कोणी वाचत नाही."

कोणी वाचत नाही तर ब्लॉग कशाला, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात ती म्हणाली, "चित्रं एजन्सीकडून घेऊ, नाहीतर कंप्युटरकडून. दोन मिनिटांत निघतात." आणि माझा हात वर गेला. मी नेला नाही हो, तो आपला आपण गेला.

"काका, वॉशरूम त्या बाजूला," श्वेता म्हणाली.

"वॉशरूम नाही. चित्रं. मी काढतो."

सगळं कँटीन हसलं. आचारीसुद्धा हसला, ज्याच्या उपम्याला मी सत्तावीस वर्षांत एकदाही हसलो नाही. आता मात्र माघार घेणं शक्य नव्हतं. मी उभा राहून सांगितलं, "मी गुणाजी मेस्त्रींचा मुलगा आहे."

"कोण गुणाजी मेस्त्री?"

आता काय सांगायचं हिला? कुडाळच्या बाजूला अकरा गावांत गणपती जात ते माझ्या बाबांच्या शाळेतून. गणपती करतात त्या जागेला आमच्याकडे शाळाच म्हणतात. त्या शाळेत मी मुकुट रंगवले, सोंडा घासल्या, उंदीर तर शेकड्यांनी केले. फक्त डोळे कधी केले नाहीत. डोळे सगळ्यात शेवटी, आणि ते बाबाच करणार. मी कुंचला उचलला की पाठीमागून आवाज यायचा, "डोळे माझ्यार सोड." डोळे आखले की मूर्ती बघायला लागते. मग तिला टाकता येत नाही, फोडता येत नाही, तिच्याकडे पाठ करून विडीसुद्धा ओढता येत नाही. एवढं जबाबदारीचं काम बाबांनी मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षापर्यंत दिलं नव्हतं.

श्वेता पोर वाईट नाही. तिने मला बाजूला घेऊन साफ सांगितलं, "पहिला भाग चालला तर बाराही तुमचे काका. नाही चालला तर एजन्सी."

"आणि खाली नाव?"

"कोणाचं?"

"माझं. चित्रं, दोन टिंबं, शरच्चंद्र मेस्त्री."

"बघू ना काका."

हे "बघू ना" मी स्वतः ट्रान्सपोर्टवाल्यांना सत्तावीस वर्षं म्हणत आलोय, त्यामुळे त्याचा अर्थ मला पुरता ठाऊक आहे. पण मी मनाशी ठरवलं. नाव येणार म्हणजे येणार.

घाटकोपरला घरी येऊन बातमी सांगितली तर सुलक्षणा, म्हणजे आमची ही, पोळी लाटता लाटता थांबली. "तुम्ही? कॉमिक? हळदीकुंकवाच्या बोर्डावर मोर काढलात तेव्हा बायका बदक किती छान म्हणून गेल्या. विसरलात?"

"तो मोर समोरून काढला होता."

"मग हे बाजूने काढा हो," ही म्हणाली.

शेजारच्या शकुताई वाटी परत द्यायला आल्या होत्या. त्या नेहमी वाटी परत द्यायलाच येतात आणि जाताना दुसरी नेतात. त्यांनी सल्ला दिला, "माझं ऐका भावोजी, हिरो काढा झकास. दंड असे, छाती अशी. लोक चेहऱ्याकडे बघतच नाहीत." मी वाटीकडे बघत राहिलो.

बाबा आतल्या खोलीत पडून होते. आठवड्यापूर्वीच एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं महिन्याने व्हायचं होतं, तोवर डोळ्यांवर काळा चष्मा. "काय काढतंस रे?" त्यांनी विचारलं. म्हटलं, कंपनीचं काम. "बरा," ते म्हणाले, आणि कूस वळवता वळवता सवयीने पुढे म्हणाले, "डोळे माझ्यार सोड."

यंदा सोडणं शक्यच नव्हतं. मी आतला दिवा बंद केला आणि बाहेरच्या टेबलावर कागद पसरला.

आता नायक. श्वेताने नाव ठरवून दिलं होतं: कॅप्टन व्हॉल्व्ह. मी काढला तो पहिला कॅप्टन शकुताईंच्या सांगण्याप्रमाणे दणकट, मिशीवाला, रुंद छातीचा गडी होता. तो तसाच राहिला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण कंपनीत कुठलीही गोष्ट मंजूर व्हायला चार टेबलं फिरावी लागतात, आणि प्रत्येक टेबलावरच्या माणसाला आपण उगाच बसलेलो नाही हे दाखवायचं असतं. मला विचाराल तर मीसुद्धा तेच करतो.

लीगलवाल्यांनी मिशी काढायला लावली. मिशी म्हणजे पुरुष, आणि कंपनीत बायकाही आहेत. एचआरला छाती खटकली. असा पिळदार माणूस दाखवला तर जाड्या कामगारांचं मन दुखावेल, थोडं पोट असू द्या. थोडं दिलं, तर म्हणाले अजून थोडं. सेफ्टी ऑफिसर प्रबुद्ध सर हा अत्यंत तळमळीचा माणूस, त्यांनी तर कागदावर यादीच दिली. डोक्यावर पिवळं हेल्मेट. कानांवर आवाज अडवणारे मोठे गोल मफ, चांगले ठळक दिसले पाहिजेत. तोंडावर मास्क, आणि मास्कला खाली लोंबणारी नळी. एक हात पुढे करून पंजा दाखवलेला, म्हणजे थांबा. शेवटी एमडी साहेबांनी सुचवलं की दुसऱ्या हातात आपलं प्रॉडक्ट हवं. आमचा सगळ्यात खपणारा व्हॉल्व्ह खाली गोल आहे आणि वर निमुळता होत जातो. तो मी तळहातावर ठेवला.

मी प्रत्येक वेळी निमूटपणे रंगवत गेलो. फक्त एका ठिकाणी अडलो. श्वेता म्हणाली, डोळे म्हणजे नुसते दोन ठिपके द्या, मिनिमल. मी ठिपके दिले. चेहऱ्यावर दोन मोहऱ्या चिकटल्यासारखं दिसायला लागलं. पुसले. परत दिले, परत पुसले. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी मी आंघोळ करून बसलो, बाबांचा जुना बारीक कुंचला पेटीतून काढला आणि श्वास रोखून डोळे आखले. मोठे, शांत, समोरच्याकडे थेट बघणारे. आयुष्यात पहिल्यांदा मी डोळे केले होते आणि ते बघत होते. मला अक्षरशः रडू आलं.

सुलक्षणा मागे येऊन उभी राहिली. "हे कोण?"

"कॅप्टन व्हॉल्व्ह."

"बरं," ती म्हणाली, आणि तिने टेबलाजवळचं चपलांचं स्टँड उचलून दाराबाहेर नेऊन ठेवलं. मी त्या वेळी त्यातून काही बोध घेतला नाही.

चारही टेबलांवर सह्या झाल्या. पहिला भाग ब्लॉगवर चढला. पहिल्या आठवड्यात तो एकोणीस वेळा बघितला गेला, त्यातल्या चौदा वेळा मी. खाली नाव शोधलं तर लिहिलेलं, "चित्रं: टीम मार्केटिंग." टीम मार्केटिंगमध्ये त्या वेळी श्वेता एकटीच होती आणि तिला सरळ रेघ पट्टी घेऊनही येत नाही.

"काका, ब्रँड पॉलिसी आहे यार," ती कळवळून म्हणाली. "पण ऐका ना. साहेब सहा बाय चारचा बोर्ड करून प्रेस शॉपमध्ये लावतायत. सोमवारी कस्टमरचं सेफ्टी ऑडिट आहे. ते नीट गेलं तर मी स्वतः तुमच्या नावासाठी भांडते. नाहीतर उरलेले अकरा एजन्सीला जाणार, साहेब बोलूनच बसलेत."

म्हणजे आता माझं नाव एका ऑडिटवर टांगलेलं. असू दे. सत्तावीस वर्षं थांबलो, आणखी एक ऑडिट.

बोर्ड मंगळवारी लागला. बुधवारी दुपारी दिपेश माझ्या खिडकीशी आला. दिपेश प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर, काम करतो, वर्सोव्याचा कोळी, आडदांड गडी, आवाज असा की खाडीपलीकडे मढला ऐकू जावा. पण त्या दिवशी हळू बोलत होता.

"काका, आज माझा हात गेला होता."

"कुठे?"

"प्रेसखाली. पत्रा अडकला म्हणून मशीन बंद न करता हात घालणार होतो. सहज वर बघितला, तर तो हात दाखवून थांब म्हणतोय. आणि बघतोय असा, की आपल्याकडेच. मी हात मागे घेतला नि प्रेस खाली आला." त्याने दहाही बोटं मला दाखवली, मोजून घ्या म्हणून. "काका, तुम्ही कोणाला काढलाय ते मला कळला."

"अरे तो कॅप्टन व्हॉल्व्ह आहे."

"तुमच्यासाठी असेल. आमच्यासाठी व्हॉल्व्होबा," असं म्हणून तो गेला.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. एखाद्याची बोटं वाचली माझ्या चित्राने, यापेक्षा जास्त काय चालायचा तो ब्लॉग? गुरुवारी सकाळी मी मुद्दाम बघायला गेलो. बोर्डावर झेंडूचा हार होता. खाली अर्धा नारळ, जास्वंदीची फुलं, आणि प्रेस शॉपच्या पिवळ्या पट्ट्याबाहेर सेफ्टी शूजचे सोळा जोड ओळीने काढून ठेवलेले. आत सोळा माणसं अनवाणी, हात जोडून, डोळे मिटून उभी. त्यांच्या मागे प्रबुद्ध सर. त्यांचे डोळे मात्र चांगले उघडे होते.

मी पहिल्यांदा त्या बोर्डाकडे लांबून, सगळा एकदम बघितला. मुकुटासारखं हेल्मेट. सुपाएवढे कान. लोंबणारी नळी. पोट. आशीर्वादाचा हात. दुसऱ्या हातात मोदक. चार खात्यांनी मिळून जे केलं होतं ते मला एकट्याला कधी जमलं नसतं! आणि मग माझी नजर खाली गेली. पाय. कॅप्टन व्हॉल्व्हच्या पायात काहीच नव्हतं. छान गुलाबी, गुबगुबीत, बोटाबोटांवर नखं काढलेले उघडे पाय. लहानपणापासून हजारो पाय रंगवलेत मी, एकाच्याही पायात कधी चप्पल नव्हती. हाताला सवयच नाही. पण लीगल, एचआर, सेफ्टी, खुद्द एमडी, सगळ्यांनी सह्या केल्या, आणि सेफ्टीचा हिरो अनवाणी आहे हे एकाच्याही लक्षात आलं नाही. अशा चेहऱ्याखाली पायात बूट नाहीत, हे आपल्या माणसाला खटकणार तरी कसं?

"मेस्त्री," प्रबुद्ध सर शांतपणे म्हणाले. माणूस शांतपणे बोलायला लागला की मला जास्त भीती वाटते. "तीन वर्षं मी या लोकांना बूट घालायला शिकवतोय. नोटिसा दिल्या, हातापाया पडलो, स्वतःच्या खिशातून चहा पाजला. तुमच्या एका चित्राने दोन दिवसांत सगळ्यांना अनवाणी केलं."

"सर, श्रद्धा आहे त्यांची."

"असू दे. माझी लोखंडावर श्रद्धा आहे, ते पायावर पडलं की बोटं तुटतात. उद्या संध्याकाळपर्यंत हा बोर्ड कंपनीबाहेर पाहिजे. आणि त्या एजन्सीचा नंबर मला पाठवा."

एजन्सी! म्हणजे माझ्या नावाची वाट लागली. मी रात्रभर तळमळलो असं लिहायला आवडलं असतं, पण मला झोप चांगली लागते. सकाळी उठलो ते मात्र निश्चय करूनच. काहीतरी करायचं. काय ते माहीत नाही, पण करायचं.

शुक्रवारी चार वाजता बोर्ड उतरवायला मेंटेनन्सचा माणूस शिडी घेऊन आला. दोन पायऱ्या चढला, वर बघितलं आणि उतरला. "डोळे आहेत त्याला," एवढंच बोलून शिडी तिथेच टाकून गेला. मग प्रबुद्ध सर तणतणत स्वतः चढले. "मी असलं काही मानत नाही," ते चढता चढता म्हणाले. चेहऱ्यापर्यंत पोचले, पान्हा बोल्टला लावला आणि थांबले. मग खाली येऊन पान्हा माझ्या हातात दिला. "मेस्त्री, तुम्ही काढा. मानत नाही मी. पण तो बघतोय हो."

मी पान्हा घेतला तर दिपेश आडवा आला. "काका, असाच हलवायचा नाय. उत्तरपूजा?" घ्या. मी कँटीनमध्ये माणूस पाठवला. दही मिळालं, पोहे नव्हते, कुरमुरे चालवून घेतले. अक्षता टाकल्या, बोर्ड हाताने जरासा हलवला, मग चार बोल्ट काढले. सोळा माणसांनी तो खांद्यावर घेतला आणि गेटपर्यंत आणला. मला तर आपण कोणाला तरी घराबाहेर काढतोय असं वाटायला लागलं.

गेटवर सुशांत होता. हा वॉचमन माझ्याच हाताखाली तयार झालेला. त्याला मी बजावून ठेवलंय की प्रत्यक्ष एमडी जरी खुर्ची उचलून निघाले तरी गेट-पास मागायचा. त्याने मागितला. मी पुस्तक काढलं, तीन कॉप्या, मध्ये कार्बन. वर्णन: चित्र. नग: एक.

"काका, रिटर्नेबल की नॉन-रिटर्नेबल?" सुशांतने विचारलं.

सत्तावीस वर्षांत हा प्रश्न मी हजारदा ऐकलाय आणि हजारदा डोळे मिटून टिक केलंय. मागे वळून बघितलं तर सोळा माणसं माझ्या पेनाकडे बघत होती. दिपेशचे डोळे भरले होते. मी पेन टेकवलं आणि खूण केली. रिटर्नेबल.

"कधी परत?" सुशांत म्हणाला. "तारखेचा रकाना रिकामा चालत नाही. तुम्हीच शिकवलंय."

"सोमवार. सकाळी दहा."

मागून एकदम "मोरया!" असा आवाज झाला की गेटवरची कबुतरं उडाली. प्रबुद्ध सर एका कानाला फोन लावून ऑडिटवाल्यांशी बोलत होते. मी पास पुढे केला, त्यांनी न वाचता सही ठोकली. इथे एक नियम सांगून ठेवतो. रिटर्नेबल माल ठरल्या वेळी परत आला नाही तर त्याची नोंद लाल अक्षरांत एमडींच्या टेबलावर जाते, आणि सही करणाऱ्याच्या नावाने जाते. हा नियम कोणी केला म्हणता? अहो, मीच.

बोर्ड माझ्याच घरी न्यायचा ठरवला. रिक्षात मावेना, म्हणून कंपनीच्या टेम्पोत घातला आणि दिपेश तो धरून मागे बसला. साकीनाक्याच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने हात जोडले, त्याचं बघून बसवाल्याने जोडले, आणि हवालदाराने आमची बाजू आधी सोडली. सोसायटीत लिफ्टमध्ये बोर्ड शिरेना. चार मजले जिन्याने. वर आमच्या दाराशी शकुताई निरांजन घेऊन उभ्याच होत्या. त्यांना कुठून कळतं देव जाणे.

"किती दिवसांचा भावोजी?"

"सोमवारी सकाळी जाईल."

त्यांनी बोटं मोजली. "अडीच? दीडाचा असतो, पाचाचा असतो. अडीच दिवसांचा कोणाकडे असतो हो?"

"आमच्याकडे असतो," म्हटलं आणि दार लावून घेतलं. आत सुलक्षणाने तोवर नारळ फोडायला घेतला होता. म्हणाली, घरात आलाय तर मोदक नकोत? मी कॅप्टन, ब्लॉग, मार्केटिंग असं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्याऐवजी खोबरं खवायला लागलो.

शनिवारी सकाळी डॉक्टरांनी बाबांचा काळा चष्मा काढला. घरी येऊन बाबा खुर्ची ओढून बोर्डासमोर बसले आणि बघत राहिले. मी दाराशी उभा. वय चौपन्न, आणि हात शाळेतल्या पोरासारखे पाठीमागे बांधलेले.

"डोळे कोणी केल्यान?"

"मी."

बाबांनी खुर्ची पुढे घेतली, मान इकडे केली, तिकडे केली. मग म्हणाले, "बरे झाले हत."

बाबांनी उभ्या आयुष्यात मला एवढं मोठं सर्टिफिकेट दिलेलं नाही. पण लगेच खाली बोट दाखवलं. "आणि ह्या काय? पायात काय नाय ता?"

मी सगळी कर्मकथा सांगितली. अनवाणी पाय, सोळा जोड बूट, सोमवारचं ऑडिट, एजन्सी, नाव. बाबांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मेल्या, तू गणपती काढूक बसलंस. पण काम काय सांगितल्यानी तुका? कामगारांची राखण. मगे हो गणपती नाय, हो राखणदार. आपल्याकडे वेतोबाक वहाणा कित्याक देतत, म्हायती आसा मा?"

माहीत होतं. आरवलीच्या वेतोबाला लोक भल्या मोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात. तो रात्रभर गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं.

"राखणदार काय अनवाणी फिरता? घाल तेका बूट!"

मी बाबांच्या पायाच पडलो. मग दोन दिवस खाली मान घालून बसलो ते बूट होईपर्यंत उठलो नाही. काळे, जाड, लोखंडी टोपीचे, प्रबुद्ध सरांच्या स्वप्नात येतात तसे बूट. लेस, टाके, तळव्याची नक्षी, सगळं. आणि तोंडाजवळ, कॉमिकमध्ये असतो तसा, मोठा पांढरा फुगा काढून त्यात लिहिलं: "माझ्यासमोर बूट काढील, त्याची राखण माझ्याकडे नाही."

शेवटी एक काम उरलं. बुटावर कंपनीचं नाव असतं ना, टाचेशी, बारीक? त्या जागी मी बारीक कुंचल्याने लिहिलं: शरच्चंद्र मेस्त्री.

"ह्या काय?" बाबा मागून कडाडले. नवीन डोळ्यांनी त्यांना आता सगळंच दिसत होतं. "पन्नास वर्सां मूर्ती केलंय मी. एकावर तरी नाव घातलंय?"

"नाही बाबा." पण मी पुसलं नाही. म्हटलं, "तुम्हाला नको होतं. मला हवंय."

त्यांनी वाकून जवळून बघितलं. मग हळूच म्हणाले, "पायाकडे घातलंस मा? मगे ऱ्हवांदे."

सोमवारी दहाला पाच कमी असताना टेम्पो गेटवर. प्रबुद्ध सर धावत आले. "मेस्त्री! ऑडिटर बाई आत आहेत! हा इथे कोणी आणायला सांगितला?"

"तुम्ही, सर." मी गुलाबी कॉपी पुढे केली. "रिटर्नेबल. सोमवार, दहा वाजता. ही सही."

सरांनी सही बघितली. मग लाल नोंदीचा नियम त्यांना आठवला असावा, कारण ते बाजूला झाले. तोवर सोळा जणांनी बोर्ड उचललासुद्धा. जुन्या चार भोकांत चार बोल्ट बसले, आणि मागे वळतो तर प्रेस शॉपच्या दारात ऑडिटर बाई, त्यांच्यासोबत एमडी आणि श्वेता. श्वेताने कपाळाला हात लावला.

दिपेश पुढे झाला. सवयीने खाली वाकला आणि उजव्या बुटाची लेस सोडली. प्रबुद्ध सरांनी डोळे मिटले. संपलं सगळं, आता एजन्सी. तेवढ्यात दिपेशने वर बघितलं. फुगा वाचला. परत वाचला. मग गुडघा टेकून त्याने ती लेस अशी आवळून बांधली की मला वाटलं तुटतेय. मागच्याने आपल्या बुटांकडे बघितलं, त्याच्या मागच्याने बघितलं. एकाची लेस सुटलेली होती, त्याला तिघांनी ढोसलं. आणि मग सोळाही जण, बूट घालून, एकामागून एक आले, वाकले आणि त्या काळ्या बुटांना हात लावून आपापल्या मशीनवर गेले.

"काम सुरू करण्याआधी प्रत्येक जण बूट तपासतो?" ऑडिटर बाई वहीत लिहीत म्हणाल्या. "हे मी अजून कुठेच बघितलं नाही. ही पद्धत कोणी बसवली?"

प्रबुद्ध सरांनी वर बोर्डाकडे बोट दाखवलं.

"आणि चित्र कोणाचं?"

"टीम मार्केटिंग," एमडी म्हणाले.

"नाय साहेब." प्रेसवरून दिपेश ओरडला. तो साधं बोलला तरी ओरडल्यासारखंच वाटतं, आता तर तो खरंच ओरडला. "पायाकडे लिवलंय. शरच्चंद्र मेस्त्री. आम्ही आत्ता हात लावला त्याला!"

श्वेता पुढे गेली, वाकली, वाचलं आणि उभी राहिली. "सर, पॉलिसीप्रमाणे नाव पुसायचं असेल तर..." तिने मागे बघितलं. सोळा प्रेस थांबले होते. "कोण पुसणार?"

एमडींनी वर त्या डोळ्यांकडे बघितलं. "राहू दे," ते म्हणाले. "आणि बाकीचे अकरा भाग यांनाच द्या."

इतकी वर्षं तयार करून ठेवलेलं भाषण होतं, ते कुठे गेलं कळेना. सरळ माझ्या खिडकीत येऊन बसलो, पासावर माल परत आल्याचा शिक्का मारला आणि घरी फोन लावला.

"बाबा, नाव राहिलं. सगळ्यांनी वाचलं. अकराही मलाच मिळाले."

"बूट काढल्यानी काय कोणी?"

"नाही. एकानेही नाही."

"बरा झाला." मी फोन ठेवणार तोच म्हणाले, "आयक. दुसरा काढूक कधी घेतंस?"

"आजच घेतो. का?"

"काय नाय," बाबा म्हणाले. "डोळे तुझ्यार सोडलंय."